मंत्र गाडीत म्हणायचा

आमच्या मंडळाचं पूर्ण नाव मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ‘सरपटणारे व उभयचर प्राणी अभ्यास मंडळ’ अशी पाटी महिन्यातून दोन रविवार डोंबिवलीतल्या एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गावर लागते. शाळेचा शिपाई आम्हाला ‘सापवाले’ म्हणतो, आणि माझी बायको ‘तुमचं ते बेडूक मंडळ’.

त्या वर्गात पगारे सिस्टर पहिल्यांदा आल्या, तेव्हा परांजपे सर पडद्यावर चापड्याची चित्रं दाखवत होते. चापडा म्हणजे झाडावर राहणारा, पोपटी रंगाचा विषारी साप. दिसायला इतका देखणा की सर त्याच्यावर अर्धा तास बोलले. सर मंडळाचे संस्थापक. जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक, बोलणं छापल्यासारखं, आणि वाद घालायची हौस दांडगी. बोलणं संपवून त्यांनी “काही शंका?” असं विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरून एक ठेंगण्या, सावळ्या बाई उठल्या. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, फिकट निळी साडी, मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला फिरवलेली.

“ह्या सापाचा पेशंट तुम्ही शेवटचा कधी बघितलात?” त्यांनी विचारलं.

“पेशंट?” सर म्हणाले. “आम्ही सापांचा अभ्यास करतो, बाई.”

“मी पेशंटचा केलाय. सगळी नोकरी कॅज्युअल्टीत गेली. पण जिवंत साप एकही बघितलेला नाही. नातेवाईक आणायचे ते पिशवीत घालून, ठेचलेला. त्यात डोकं कुठलं नि शेपूट कुठलं तेच कळायचं नाही. दोन महिन्यांपूर्वी रिटायर झाले. आता मला नीट साप दाखवा.”

एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि पिशवीतून वही काढली. कुसुम पगारे, राहणार दिवा. सही करताना मात्र त्यांनी नुसतं ‘सिस्टर’ लिहिलं. आजही मंडळाच्या यादीत तेच आहे.

पुढच्या वर्षभरात त्या आमच्यापेक्षा जास्त शिकल्या. मण्यार आणि बिनविषारी कवड्या ह्यांत आमचे जुने मेंबरसुद्धा गोंधळतात. दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे असतात. सिस्टरांनी ते एकदाच विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं, ‘मण्यार : पट्टे शेपटीकडे ठळक. कवड्या : मानेकडे.’ धामण हातात घेतली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी बघितला. पण त्या धामणीला म्हणाल्या, “घाबरू नको बाई, मीपण घाबरलेय.” बेडकांचं मात्र त्यांना मनापासून हसू यायचं. पावसाळ्यात मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होऊन शेतातल्या पाण्यात ओरडत बसतात. ते बघून त्या म्हणाल्या होत्या, “सगळे हळद लावून बसलेत, आणि एकाही नवरीचा पत्ता नाही.”

त्या वेळेच्या पक्क्या. दोनदाच उशिरा आल्या, आणि दोन्ही वेळा कारण एकच, “नळाला पाणी आलं होतं.” दिव्यात राहणाऱ्या माणसाला ह्याच्या पुढे काही सांगावं लागत नाही. दुसऱ्या कुणी उशिराची कारणं द्यायला लागलं की त्या हात वर करून थांबवायच्या. “वर्णन नको, वेळ सांग.” कॅज्युअल्टीतलीच ही सवय. साप चावला म्हणून फोन आला तरी पहिलं वाक्य हेच.

मी वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात आहे. त्यामुळे मंडळाची पत्रकं माझ्या गळ्यात. साप चावल्यावर काय करू नये ह्याचं मी केलेलं पत्रक बावीस ओळींचं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. सिस्टरांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि पेन मागितलं. तीन ओळी ठेवून बाकी सगळ्यावर काट मारली. उरलं ते असं : साप शोधू नका. बांधू नका, कापू नका. पेशंटला चालवू नका, गाडीने दवाखान्यात न्या.

“बाकीची माहिती पण महत्त्वाची आहे, सिस्टर,” मी म्हणालो.

“असेल. पण घाबरलेला माणूस चौथी ओळ वाचत नाही, अजित.”

विकीचा किस्सा आमच्याकडे अजून सांगतात. विकीचं स्टेशनजवळ बाइकच्या सीट कव्हरचं दुकान आहे. वय पस्तीसच्या पुढे, साप पकडण्यात मंडळात पहिला नंबर, आणि मोबाइलसमोर नाचण्यातही पहिला. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याने नाग पकडला. लोक जमले. विकीने नाग शेपटीने उचलून धरला आणि सगळ्यांचे मोबाइल वर होईपर्यंत थांबला. सिस्टर माझ्याबरोबर तिथेच होत्या. त्या शांतपणे त्याच्या शेजारी गेल्या आणि त्याच्या मोकळ्या हाताची नाडी धरून स्वतःच्या घड्याळात बघत उभ्या राहिल्या. 

“एकशे वीसच्या वर आहे,” त्या म्हणाल्या. “घाबरलायस तू. बरं आहे, घाबरायलाच पाहिजे. आता बरणीत घाल त्याला.”

विकीने घातला. दोन रविवार तो मीटिंगला आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो सरळ त्यांच्या शेजारच्या बाकावर बसला. सिस्टर त्याला म्हणाल्या, “तू गेल्यावर त्या पार्किंगमधल्या बायका काय शिकल्या सांग? साप शेपटीने उचलायचा असतो, एवढंच. उद्या त्यांच्यातल्या कुणाचातरी नवरा उचलेल.” तेव्हापासून विकी साप बरणीत गेल्यावरच बोलायला लागतो. बोलतो मात्र पूर्वीइतकंच.

पण सिस्टरांची खरी गोष्ट हेदपाड्याची आहे.

खडवली स्टेशनपासून नदी ओलांडून आत गेलं की हा पाडा लागतो. वीस-पंचवीस घरं, बहुतेक शेतमजूर. तिथला भगत लहानूबाबा. साप चावला की आसपासच्या पाड्यांतली माणसं आधी त्याच्या ओट्यावर यायची. तो मंत्र घालायचा, पाला चोळायचा, दोरा बांधायचा. सिस्टरांनी त्याला बघितलेलं नव्हतं, पण नाव कॅज्युअल्टीत नोकरीभर ऐकलेलं होतं. त्या बाजूचा पेशंट आला की पायाला काळा दोरा असायचाच. “कुठे होतात इतका वेळ?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “लहानूबाबाकडे नेलेलं.”

“त्या माणसाला मला भेटायचंय,” असं त्या एका मीटिंगमध्ये म्हणाल्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं की त्या त्याला चांगलं झापणार.

मी त्यांच्याबरोबर गेलेलो. लहानूबाबा ओट्यावर बसून टोपली विणत होता. सत्तरीचा, काटकुळा, कानात बारीक बाळ्या. त्याने मान वर न करता विचारलं, “मला शिकवाया आलीस काय, बाय?”

“नाही. विचारायला आले,” सिस्टर म्हणाल्या आणि ओट्याच्या पायरीवर बसल्या.

त्यांनी दोन तास त्याला प्रश्न विचारले. माणूस किती वेळाने येतो, कुठे दुखतं म्हणतो, सूज कुठवर चढते, लघवी लाल होते का, कोणता पाला, कुठून आणता. वहीत सगळं लिहून घेतलं. त्याच्या विणण्याचा वेग हळूहळू कमी झाला आणि मग हात थांबलेच. इतकं लक्ष देऊन त्याचं कुणी कधी ऐकलं नसावं. शेवटी त्यांनी विचारलं, “हा राहणार की जाणार, हे तुम्हाला कधी कळतं, बाबा?”

लहानूबाबाने त्यांच्याकडे बघितलं. “पापणी पडली का कळतं. पापणी पडली, बोलणं जड झालं, का मी घरच्यांना सांगतो. आता माज्या हातात नाय.”

“आणि मग?”

“मग काय. बसून राहतात.”

परतीच्या वाटेवर सिस्टर शेताच्या बांधावर एकदम थांबल्या. “अजित, हा माणूस आमच्या निम्म्या शिकाऊ डॉक्टरांपेक्षा चांगलं बघतो रे. फक्त बघून थांबतो.”

मंडळात ह्यावरून मोठा वाद झाला. परांजपे सर इतके चिडलेले मी कधी बघितले नव्हते. “भगताच्या ओट्यावर जाऊन बसायचं म्हणजे अंधश्रद्धेला मान्यता देणं आहे. आपलं मंडळ शास्त्रीय आहे. उद्या हेच लोक म्हणतील, डोंबिवलीचे शिकलेले लोकसुद्धा बाबाकडे जातात.”

“बरोबर आहे सर तुमचं,” सिस्टर म्हणाल्या. “माझा थोरला भाऊपण हेच म्हणतो. आपण बुद्धाला मानणारी माणसं, तू भगताच्या दारात कशी बसतेस म्हणून महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पण पेशंट त्या दारात येतो. मला पेशंट पाहिजे. मी दुसऱ्या कुठल्या दारात बसू?”

सर म्हणाले, “तर मग मंडळाचं नाव वापरू नका.”

“नाही वापरत,” त्या म्हणाल्या. खरोखरच त्या पुढे हेदपाड्याला मंडळाची पिशवीसुद्धा घेऊन गेल्या नाहीत. मी गेलो तरी ‘मंडळाचा अजित’ अशी ओळख त्या करून द्यायच्या नाहीत. नुसतं अजित.

चार-पाच खेपा झाल्यावर एक दिवस त्यांनी लहानूबाबाला कल्याणला आणलं. ज्या हॉस्पिटलात त्यांची नोकरी झाली, तिथे मण्यार चावलेला एक वीटभट्टीवरचा मजूर सहा दिवस श्वासाच्या मशीनवर होता आणि आता उठून बसला होता. सिस्टरांनी जुन्या ओळखीवर परवानगी काढलेली. मजुराच्या बायकोने सगळं सांगितलं. पापण्या कशा पडल्या, जीभ कशी जड झाली, श्वास कसा थांबत आला. तो स्वतः बशीत ओतून चहा पीत होता. लहानूबाबाने त्याच्या डोळ्यांत वाकून बघितलं. एकदा उजव्या, एकदा डाव्या. मग त्याच्या पायावर हात ठेवला आणि बाहेर आला.

स्टेशनपर्यंत तो आमच्या पुढे चालत राहिला. मग पुलाच्या जिन्यापाशी थांबून म्हणाला, “बाय, ह्याच्या पापण्या मी बघितल्या असत्या तर लाकडं गोळा करा म्हटलं असतं.”

सिस्टरही त्याच्याजवळ थांबल्या. 

“म्हणजे माजा मंत्र खोटा?” त्याने विचारलं.

“मला मंत्रातलं कळत नाही, बाबा. मला वेळेतलं कळतं. तुम्ही मंत्र म्हणा. पण ओट्यावर नको. मंत्र गाडीत म्हणायचा. गाडी चालत असली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.”

“गाडीत माणसं असतात. मंत्र दुसऱ्याच्या कानावर पडला का त्याची ताकद जाते.”

“मग मनात म्हणा.”

“बघू,” लहानूबाबा म्हणाला. त्याच्या त्या ‘बघू’चा अर्थ आम्हाला कितीतरी दिवस कळला नाही.

त्यानंतरच्या श्रावणातला एक रविवार. बेडकांच्या मोजणीसाठी मंडळाचे आम्ही काही जण सकाळी साडेसहालाच खडवलीला पोचलो होतो. विकी त्याची व्हॅन घेऊन आलेला. स्टेशनबाहेर चहा घेत असताना सिस्टरांचा फोन वाजला. लहानूबाबाच्या पुतण्याचा होता. त्यांनी स्पीकर चालू केला.

“बाबाला साप चावलाय,” पुतण्या रडवेला झाला होता.

“वेळ सांग.”

“पहाटेचा कधीतरी. पोटात कळ आली म्हणून उठला. अंथरुणात मण्यार होती.”

“पापणी पडतेय का?”

“पडतेय म्हणतो.”

“कोण म्हणतो?”

“बाबाच म्हणतो. सगळा पाडा अंगणात जमलाय. माणसं म्हणतात, बाबा स्वतःचं विष स्वतः उतरवील, कुठं न्यायचं नाय. आणि बाबा म्हणतो, बायला फोन लाव.”

सिस्टरांचा चहा तसाच बाकड्यावर राहिला. विकीने व्हॅन काढली. मी परांजपे सरांना फोन करून एवढंच सांगितलं, की मण्यारीचा पेशंट घेऊन कल्याणला येतोय, हॉस्पिटलला कळवा, श्वासाचं मशीन तयार ठेवायला सांगा. पेशंट कोण ते मी सांगितलं नाही. सरांनी विचारलंही नाही.

पाड्यापर्यंत जावंच लागलं नाही. अलीकडच्या ओढ्याच्या मोरीवरच पाड्यातली माणसं दिसली. चादरीची झोळी करून, त्याच्याच सांगण्यावरून, चौघांनी त्याला खांद्यावर घेतलेलं, आणि मागे अख्खा पाडा चालत आलेला. त्याला व्हॅनमध्ये ठेवताना एक म्हातारी पुढे झाली आणि म्हणाली, “लहानू, तूच दवाखान्यात गेलास तर आमी कुणाकडं जायाचं?”

लहानूबाबाचे डोळे अर्धे मिटले होते. त्याने बोटाने स्वतःची एक पापणी वर उचलली, म्हणजे तिचा चेहरा दिसेल अशी, आणि जड जिभेने, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “माज्याच मागं या. मंत्र मी गाडीत म्हणनार.”

पाड्यासमोर हे बोलणं म्हणजे काय, ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. आयुष्यभराचा मान त्याने त्या मोरीवर सर्वांच्या पुढ्यात उतरवून ठेवला होता.

वाटेवरच्या आरोग्य केंद्रात तरुण डॉक्टरबाईंनी दहा मिनिटांत सापाच्या विषावरची लस सलाइनमधून चालू केली. केंद्राची अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली, म्हणून आम्हीच पुढे निघालो. मी बाटली उंच धरून बसलो. पुतण्याने पाय धरले. सिस्टर उशाशी.

“बाबा,” त्या म्हणाल्या, “श्वास किती उरलाय ते मला कळलं पाहिजे. शहरातल्या माणसाला आम्ही एका दमात आकडे मोजायला लावतो. तुम्ही मंत्र म्हणा. मोठ्याने, एका दमात होईल तेवढा.”

त्याने मान हलवून नाही म्हटलं.

“तुमच्या मनातलं मला ऐकू येत नाही, बाबा.”

व्हॅन खड्ड्यातून उसळली. लहानूबाबाने पुतण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि म्हणायला लागला. जन्मात कुणासमोर न उच्चारलेला मंत्र. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. त्या गाडीत होते त्यांच्यापैकी कुणीही ते आजवर बाहेर काढलेले नाहीत. पहिल्या खेपेला त्याने जवळजवळ पूर्ण मंत्र एका दमात म्हटला. सिस्टर घड्याळाकडे बघत म्हणाल्या, “छान. परत.” दुसऱ्या खेपेला अर्ध्यावर दम संपला. टिटवाळ्याच्या जवळ आलो तेव्हा तीन शब्द. मग दोन. मग ओठ हलले, पण आवाज आला नाही.

सिस्टरांनी पिशवीतून रबरी फुगा आणि मास्क काढला. हाताने दाबून श्वास द्यायचं ते साधन असतं. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःसाठी घेतलेलं आणि जेवणाच्या डब्याशेजारी ठेवून त्या ते सगळीकडे न्यायच्या. विकी त्यावरून त्यांची थट्टा करायचा. आता विकीने आरशातून बघितलं आणि पुन्हा समोर. तो गाडी इतकी सरळ चालवत होता की माझ्या हातातली बाटली हलत नव्हती.

“थांबलाय का श्वास?” पुतण्याने विचारलं.

“त्याचा थांबलाय. माझा चालू आहे,” सिस्टर म्हणाल्या.

फुगा दाबायचा, सोडायचा, मनात मोजायचं, परत दाबायचा. टिटवाळा ते कल्याण. रस्त्यात खड्डे, टेम्पो, भाजीच्या गाड्या, एका ठिकाणी म्हशी. त्यांचा हात दुखत असणार, पण त्यांनी तो बदलला एवढंच, थांबवला नाही. मध्येच त्या लहानूबाबाच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “ऐकू येतं मला माहीत आहे. पापण्या पडतात, कान उघडे असतात. पोचतोय आपण.”

हॉस्पिटलच्या अलीकडच्या चौकात नेहमीसारखी वाहनं अडकलेली. विकीने हॉर्नवर हात ठेवला आणि त्याच वेळी आम्हाला ते दृश्य दिसलं. चौकाच्या मधोमध, भर पावसात, परांजपे सर उभे होते. मिटलेली छत्री आडवी धरून त्यांनी एक अख्खी बस थोपवली होती. सरांनी बोलावलेले मंडळाचे आणखी तीन जण दुसऱ्या बाजूच्या रिक्षा मागे ढकलत होते. बसचा ड्रायव्हर काहीतरी ओरडत होता आणि सर त्याला बहुधा शुद्ध मराठीत समजावून सांगत होते. व्हॅनला पुरेल एवढी वाट मोकळी होती. त्या वाटेने आम्ही आत गेलो.

लहानूबाबाला मशीनवर घेतल्यावर सिस्टर बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. उजव्या हाताची बोटं त्यांना उघडता येत नव्हती. सर ओलेचिंब होऊन आले.

“कोण आहे पेशंट?” त्यांनी विचारलं.

“लहानूबाबा,” मी म्हणालो.

सरांनी छत्री भिंतीला टेकवली. मग सिस्टरांच्या शेजारी बसले, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट चोळून सरळ करायला लागले. 

पाचव्या दिवशी लहानूबाबाच्या पापण्या आपोआप उघडल्या. सातव्या दिवशी नळी काढली. त्या दिवशी पाड्यातली निम्मी माणसं हॉस्पिटलच्या आवारात होती. ती म्हातारीसुद्धा. सिस्टर आत गेल्या तेव्हा तो त्यांच्याकडे बघून घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलला, “बाय, मंत्र अर्धाच राह्यला.”

“राहू दे,” सिस्टर म्हणाल्या. “अर्ध्यातच काम झालं.”

तो हसला आणि त्याला खोकला आला. म्हणून सिस्टर त्याला रागावल्या, आणि रागावता रागावता खिडकीकडे तोंड करून त्यांनी डोळे पुसले. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच बघितलंय.

घरी गेल्यावर लहानूबाबाने भगतपण सोडलं नाही. ताप, नजर, हरवलेली शेळी, सगळं पूर्वीसारखं. पण साप चावलेला माणूस आला की तो ओट्यावरून उठतो आणि चपला घालतो. पेशंटच्या आधी गाडीत जाऊन बसतो. त्या उरलेल्या पावसाळ्यात त्याच्या दारात आलेला एकही माणूस दारात राहिला नाही. शेतात तण काढणारी एक बाई, एक गुराखी, आरोग्य केंद्रात त्याने स्वतः गाडीत घालून आणले आणि दोघेही आपल्या पायांनी घरी गेले. बाबा स्वतः मरून परत आलाय, असं आता त्या भागात बोललं जातं. त्यामुळे त्याचा मान कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. सिस्टर म्हणतात, “होऊ दे. चांगल्या कामाला लागतोय ना.”

दिवाळीनंतर चित्रकलेच्या त्याच वर्गात आसपासच्या पाड्यांतले अकरा भगत आले. बोलावणं मंडळाच्या लेटरहेडवर गेलं होतं, आणि त्यावर सही परांजपे सरांची होती. मजकूर मी छापला, तीन ओळींचा. सर स्वतः प्रत्येकाला खुर्ची देत होते. लहानूबाबा फळ्यापाशी उभा राहिला आणि पापणी कशी पडते ते स्वतःच्या पापणीवर दाखवलं. एक तरुण भगत तिरकसपणे म्हणाला, “म्हंजे तुजा मंत्र चालला नाय.”

लहानूबाबा म्हणाला, “चालला ना. किती दम उरलाय ते त्यानंच तर बायला सांगितलं.”

वर्गात हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने सर हसले.

आता सिस्टर मंडळाच्या मीटिंगला क्वचित येतात. हेदपाड्याकडे त्यांची गरज उरलेली नाही, तिथे लहानूबाबा आहे. त्यांनी मुरबाडच्या आतला भाग धरलाय. मी त्यांना शेवटचं बघितलं ते मागच्या महिन्यात, कल्याणच्या एसटी स्टँडवर. मुरबाडच्या गाडीत लहानूबाबा मागच्या सीटवर बसला होता आणि त्याच्या शेजारच्या सीटवर श्वास द्यायच्या प्रशिक्षणाचा रबरी पुतळा, कंबरेपर्यंतचा, डोळे मिटलेला. कंडक्टर त्या पुतळ्याकडे बोट दाखवून विचारत होता, “हे कोण?”

“पेशंट,” लहानूबाबा गंभीरपणे म्हणाला. आजूबाजूचे प्रवासी वळून बघायला लागले, आणि त्याने लगेच त्यांना सांगायला सुरुवात केली.

मी खिडकीखाली जाऊन सिस्टरांना हाक मारणार होतो. पण त्या शेजारच्या बाईशी बोलत होत्या. मांडीवर भाजीची पाटी घेतलेली, मुरबाडकडचीच कुणीतरी. “झोपता कुठे? खाली? मग मच्छरदाणी आहे का?” एवढं मला ऐकू आलं. बाईने आहे म्हटलं असावं, कारण सिस्टरांनी लगेच मान हलवली. नुसती असून भागत नाही, मण्यार कडेखालून आत येते, असं काहीतरी. गाडी मागे सरून वळली. मी हात वर केला, तो त्यांनी बघितला नाही. त्या आपल्या दोन्ही हातांनी नसलेली गादी उचलून, नसलेल्या मच्छरदाणीची कड चारी बाजूंनी खाली कशी खोचायची ते दाखवत होत्या, आणि पाटी बाजूला ठेवून ती बाई तसंच करून बघत होती.